मदत हवी आहे: नेरोचा ऑरियस घ्यावा का? वरची कड घासल्यासारखी दिसते

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रोमन चांदीची नाणी जमवतो, सोन्यातली ही पहिलीच खरेदी असेल. मुक्काम इंग्लंडमध्ये. एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर हे नाणं आहे:

रोमन सम्राट नेरो, ऑरियस (रोमन सोन्याचं नाणं), रोमची टाकसाळ. एका बाजूला नेरोचं उजवीकडे बघणारं डोकं, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला ज्युपिटर, हातात वज्र आणि राजदंड. वजन ७.१२ ग्रॅम, व्यास १८ मिमी. किंमत ३,२०० पौंड. पूर्वीची मालकी म्हणून फक्त "जुना युरोपीय संग्रह" एवढंच लिहिलंय. फोटोत डोक्याच्या बरोबर वर, १२ वाजताच्या जागी, कड थोडी सपाट आणि बाकीच्या कडेपेक्षा चकचकीत आहे. विक्रेता म्हणतो, किरकोळ घासणी आहे.

१. वजन बरोबर आहे का?
२. घरी पाण्यात तोलून खरंखोटं कळेल का?
३. कडेचा प्रकार काय असावा?
४. याऐवजी एका लिलावात पाचव्या शतकातला सम्राट थिओडोसियस दुसरा याचा सॉलिडस (ऑरियसनंतरचं रोमन सोन्याचं नाणं) येतोय, अंदाज ६०० पौंड. तो बरा की ग्रीक काही बघू?
५. पुढेमागे पुण्याला परतताना नाणी बरोबर नेता येतील का?

तराजू

वजन जुळतंय. नेरोने इ.स. ६४ मध्ये ऑरियस हलका केला, एका रोमन पौंडातून ४५ नाणी पाडायला सुरुवात केली. त्यामुळे ६४ नंतरचे चांगल्या स्थितीतले ऑरियस ७.२ ते ७.४ ग्रॅम भरतात, थोडे झिजलेले ७.१ च्या आसपास. त्याआधीचे ७.६ ग्रॅमच्या घरातले. तुम्ही सांगितलेला बसलेल्या ज्युपिटरचा छाप म्हणजे 'ज्युपिटर कुस्तोस' (रक्षक ज्युपिटर), तो ६४-६५ चा, म्हणजे वजन कमी केल्यानंतरचा (आरआयसी या रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीत क्रमांक ५२). हाच छाप कोणी ७.६ ग्रॅमचा दाखवला तर तिथूनच मागे फिरायचं. नाण्यावरच्या अक्षरांत ज्युपिटरच्या नावात दोन 'पी' असतात, ती चूक समजू नका. ओसीआरई या मोफत डेटाबेसमध्ये नेरो, ऑरियस, रोम असं शोधलंत की संग्रहालयांतले नमुने वजनासकट दिसतील.

आता पाण्याची कसोटी. लागेल ते असं: ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, छोटा पेला, उकळून २० अंशांपर्यंत निवलेलं पाणी, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब (बुडबुडे चिकटू नयेत म्हणून) आणि अगदी बारीक नायलॉनचा धागा.

पाण्याने भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. धाग्याला बांधलेलं नाणं पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. तुमच्या नाण्याला ०.३७१ आला तर ७.१२ ÷ ०.३७१ = १९.१९. शुद्ध सोन्याची घनता १९.३, त्यामुळे ऑरियसच्या कसाला हे शोभतं. बावीस कॅरटच्या तुकड्याला तोच आकडा ०.४० च्या आसपास येईल.

०.०१ ग्रॅमचा काटा इथे अपुरा पडतो. खरा आकडा ०.३७ असताना तो ०.३६ किंवा ०.३८ दाखवू शकतो आणि घनता १९.८ पासून १८.७ पर्यंत कुठेही जाते. बावीस कॅरट ओळखता येईल, त्याहून बारीक काही नाही.

कसदार

तराजूंचं गणित बिनचूक आहे, पण घाटवाट, त्या गणितावर नाणं घेऊ नका. सोन्याच्या प्राचीन नाण्यांत नकली माल बहुतेक वेळा खऱ्या सोन्याचाच असतो. सात ग्रॅम सोन्याची किंमत आणि ऑरियसची किंमत यांत एवढं अंतर आहे की बनवणाऱ्याला सोन्यात काटकसर करायची गरजच पडत नाही. घनता बरोबर आली म्हणजे धातू बरोबर. नाणं कधी पाडलं ते पाणी सांगत नाही. घनता चुकीची आली तर मात्र विषय तिथेच संपला, म्हणून कसोटी नाकारण्यापुरती वापरा. आतून तांबं किंवा चांदी आणि वरून सोन्याचा पत्रा असलेली प्राचीन काळातलीच नकली नाणी त्यात लगेच पकडली जातात.

हा धंदा जुना आहे. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) या जर्मन माणसाने ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः पोलादात कोरले आणि खऱ्या धातूवर ठोकून नाणी पाडली. नवेपणा जावा म्हणून ती लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीतून फिरवायचा. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि त्याची नाणी ठाऊक असल्यामुळे पकडता येतात. जास्त त्रास अलीकडच्या मालाचा आहे, जिथे खऱ्या नाण्यावरून ठसा उतरवून त्याने नाणी ठोकली जातात.

भिंग १० पटीचं घ्या आणि या गोष्टी बघा:

ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो. अक्षरांच्या पायथ्याशी, विशेषतः कडेजवळ, बारीक रेषा केंद्रापासून बाहेर जाताना दिसतात. ओतीव नाण्यात त्या जागी गोलसर खळगे किंवा मोहरीसारखे उंचवटे असतात आणि अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात. कडेवर साच्याचा जोड घासून काढल्याची सलग पट्टी असू शकते.

उतरवलेल्या ठशाच्या नाण्यात रेषा असतात, पण मूळ नाण्यावरचे अपघातही ठशात उतरतात. खऱ्या नाण्याच्या गालावर एखादा ओरखडा असेल तर तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा, दुसऱ्या नाण्यावरही येतो. ठशाला गेलेला तडा दोन खऱ्या नाण्यांवर सारखा असू शकतो. ओरखडा किंवा ठेच सारखी असूच शकत नाही. एसीसर्च या जुन्या लिलावांच्या संकेतस्थळावर याच छापाची नाणी काढा, एकाच ठशाची नाणी शेजारी ठेवा आणि खोलगट डाग जुळतात का बघा. दोन-तीन तास जातात. ३,२०० पौंडांसाठी ते घालवायलाच हवेत.

आणि नाणं खणखणीत वाजतंय का, म्हणून दगडावर आपटून बघू नका. आत बारीक तडा असलेलं खरं नाणंही बद्द वाजतं आणि आपटल्याचा व्रण कायमचा राहतो.

सोनारआळी

कडेबद्दल. डोक्याच्या बरोबर वर, १२ वाजता, सपाट आणि चकचकीत: ही बहुतेक नाणं दागिन्यात लटकवायची कडी काढल्याची जागा आहे. ऑरियस दागिन्यात घालायची पद्धत रोमन काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. कडी डाख लावून बसवतात, पुढे कोणीतरी ती काढून कानशीने साफ करतो. खात्री करायला तिरप्या उजेडात १२ च्या जागेचा कडेवरून काढलेला फोटो मागवा. डाखाचं सोनं हलक्या कसाचं असतं, म्हणून तिथे रंग फिकट किंवा किंचित हिरवट दिसतो. शेजारच्या दोन-तीन अक्षरांची डोकी उष्णतेने वितळल्यासारखी बसलेली असतील. ६ वाजताची जागाही बघा, चौकटीत बसवलं असेल तर तिथे दुसरी खूण सापडते. पूर्ण गोल घासलेली कड असेल तर वजन कमी भरायला हवं. तुमचं ७.१२ आहे, म्हणजे धातू फारसा गेलेला नाही.

कडी काढलेलं नाणं घेण्यात कमीपणा काही नाही, पण त्याचा भाव वेगळा असतो. तशाच स्थितीतल्या बिनकडीच्या नाण्याच्या मानाने कित्येकदा निम्माच येतो. विक्रेता "किरकोळ घासणी" म्हणून पूर्ण भाव लावत असेल तर तो भाव मान्य करू नका.

जाता जाता एक. नेरोच्या काही ऑरियसवर लालसर-जांभळी छटा असते आणि ती बोस्कोरेआलेची म्हणून जादा पैसे मागितले जातात. १८९५ मध्ये पॉम्पेईजवळ बोस्कोरेआलेला सुमारे हजार सोन्याची नाणी सापडली, त्यांची ही ओळख. ही छटा रसायनांनीही आणता येते, तेव्हा जुन्या विक्रीचा कागद असेल तरच तिचे पैसे द्या.

घाटवाट

कडेचा फोटो मागवतो. एक शंका: प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, श्रेणी दिलेलं नाणं घेतलं तर प्रश्न सुटतो का? आणि "जुना युरोपीय संग्रह" यात वावगं काय?

कागदपत्र

डबीतलं नाणं अनुभवी डोळ्यांखालून गेलेलं असतं, एवढा फायदा नक्की. पण नाण्यांना श्रेणी देणाऱ्या एनजीसी या कंपनीच्या अटी वाचा: प्राचीन नाण्यांच्या खरेपणाची ते हमी देत नाहीत, मत देतात. हमी विक्रेत्याची घ्यायची. १९५१ साली स्थापन झालेल्या आयएपीएन या व्यावसायिकांच्या संघटनेचे सभासद खरेपणाची मुदतीविना हमी देतात. बीजकावर नाण्याचं पूर्ण वर्णन, वजन, फोटो आणि "खरं नसल्यास केव्हाही पूर्ण परतावा" हे शब्द लिहून घ्या. तोंडी हमीला अर्थ नाही.

"जुना युरोपीय संग्रह" हे कोणीही लिहू शकतो. उपयोगी इतिहास म्हणजे कुठल्या शहरातला लिलाव, कुठली तारीख, कुठला क्रमांक. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० चा आहे, त्यामुळे त्याआधीची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण छापील नोंदही पडताळायची. २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ज्युलियस सीझरचा मारेकरी ब्रुटस याचं, त्या वधाच्या दिवसाच्या नावाचं ('आयडीज ऑफ मार्च') सोन्याचं नाणं सुमारे ३२ लाख पौंडांना गेलं. त्याच्या मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेतून ते ग्रीसला परत केलं गेलं. नाणं खरंच समजलं जातं, खोटे होते ते कागद.

पडताळायचं असं: हायडेलबर्ग विद्यापीठाने जुने जर्मन लिलाव-कॅटलॉग स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. तारीख सांगितली असेल तर तिथे पान काढा. त्या काळचे फोटो बहुधा नाण्याचे नसून प्लॅस्टरच्या छापाचे असतात, म्हणून चमक, डाग, रंग जुळवायला जाऊ नका. नाण्याची बाह्यरेषा, छाप मध्यापासून किती सरकलाय, कडेला कुठलं अक्षर कापलंय आणि ठेचा, एवढं जुळवा. बाह्यरेषा जुळली आणि जुन्या चित्रात १२ वाजता कडी दिसली, तर तुमचा कडेचा प्रश्नही सुटला.

रेशीमवाट

प्रश्न ४. माझं स्पष्ट मत: पहिलं सोनं म्हणून सॉलिडस घ्या.

सम्राट कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडातून ७२ या हिशेबाने सॉलिडस पाडला, म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम, आणि हे प्रमाण शतकानुशतकं टिकलं. थिओडोसियसचे सॉलिडस भरपूर सापडतात, कारण ते भरपूर पाडले गेले. ४४० च्या दशकात अटिलाच्या हूणांना खंडणीच वर्षाला २,१०० पौंड सोनं ठरली होती, ७२ ने गुणलं तर दीड लाखाहून जास्त नाणी. विपुल असल्यामुळे तुलनेला शेकडो फोटो मिळतात आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

वजन ४.४० ते ४.५० हवं. ४.३ च्या खाली गेलं तर कड कातरलेली आहे का बघा, बाहेरची ठिपक्यांची रांग एका बाजूला गायब असेल. हे नाणं पातळ असतं, २०-२१ मिमी व्यासाला जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे वाकवून परत सरळ केलेले पुष्कळ मिळतात. तिरप्या उजेडात एका कडेपासून दुसरीपर्यंत जाणारी वळी दिसते. समोरच्या मोकळ्या जागेत सुईने कोरलेली अक्षरंही तपासा.

लिलावात खर्चाचा हिशेब आधी करा. बोली ६०० वर थांबली, प्रीमियम (बोलीवर लिलावघर घेतं ते शुल्क) २० टक्के आणि त्यावर २० टक्के व्हॅट वेगळा असेल तर ६०० + १२० + २४ = ७४४ पौंड, टपाल आणि विमा निराळा. ब्रिटनबाहेरून मागवलंत तर संग्राह्य वस्तूंवरचा ५ टक्के आयात व्हॅटही धरा.

ग्रीक सोन्यात अलेक्झांडरचा स्टेटर (८.६ ग्रॅमचं सोन्याचं नाणं, एका बाजूला शिरस्त्राणातली अथेना, दुसरीकडे विजयदेवता नाइकी) सुंदर आहे, पण त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी टाकसाळींनी तोच छाप चालू ठेवला. टाकसाळ आणि काळ ओळखायला 'पेला' (PELLA) नावाचा अलेक्झांडरच्या नाण्यांचा डेटाबेस लागेल आणि त्या ओळखीवर किंमत बदलते. कोसोन नावाचे स्टेटर स्वस्तात दिसतील. त्यांपासून लांब राहा, रुमानियात सार्मिझेगेटुसाच्या परिसरात चोरट्या खोदकामातून ती मोठ्या संख्येने बाहेर आली आहेत.

कागदपत्र

प्रश्न ५ राहिला. भारतात पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि व्याख्येत नाणं कुठल्या देशाचं असावं असं म्हटलेलं नाही. त्यामुळे पुण्याला नेलेलं नाणं पुन्हा लंडनच्या लिलावात विकायचं मनात असेल तर नेऊ नका. न्यायचंच असेल तर बीजक जवळ ठेवा, विमानतळावर जाहीर करा आणि शुल्काचा त्या दिवशीचा दर सीमाशुल्क खात्याकडून आधी लेखी घ्या. सोन्याचे दर बदलत असतात.

याच संदर्भात, नेरोच्या किंवा त्याआधीच्या ऑरियसवर चेहऱ्यावर आडवा छिन्नीचा घाव दिसला तर थांबा. ही दक्षिण भारतात सापडलेल्या नाण्यांची खूण आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये मिळालेल्या ५०१ ऑरियसपैकी बहुतेकांवर असा घाव आहे. असं नाणं भारताबाहेर कधी आणि कसं गेलं याचा कागद नसेल तर घेऊ नका. कितीही स्वस्त असलं तरी.

घाटवाट

विक्रेत्याने कडेचे चार फोटो पाठवले. १२ वाजता फिकट पिवळा पट्टा आहे, त्याखालची दोन अक्षरं बसलेली आहेत. ६ वाजता काही नाही. जुन्या विक्रीची नोंद नाही म्हणतो. भाव २,६०० पर्यंत आणायला तयार आहे.

सोनारआळी

पट्टा आणि बसलेली अक्षरं दोन्ही आहेत म्हणजे कडी होती, शंका नको. बिनकडीची, एवढीच झीज असलेली याच छापाची पाच-सहा नाणी गेल्या दोन वर्षांत कितीला गेली ते प्रीमियमसकट काढा, त्याच्या ५५-६० टक्क्यांवर जाऊ नका.

कागदपत्र

मी तरी नोंदीशिवाय घेणार नाही. सॉलिडसच्या लिलावाआधी लिलावघराला तीन गोष्टी मेलवर विचारा: मागची विक्री कुठे आणि कधी, नाणं ब्रिटनमध्ये कधीपासून आहे, आणि खरेपणाची हमी किती मुदतीची. विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या मालाला १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो, तो खुल्या लिलावात मिळत नाही, म्हणून उत्तर बोली लावायच्या आधी हातात हवं. कॅटलॉगमधला फोटो इथे टाका, वाकवल्याची वळी आहे का ते सगळे मिळून बघू.