रेडिओ फोर तासभर उशिरा का लागतोय? आणि मराठीत दिवसभर बोलणारं स्टेशन आहे का?

गुजरीकर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, माझं सोनारकाम आहे. सकाळी साडेदहाला बसलो की रात्री आठला उठतो. कोल्हापुरी साजाची, म्हणजे गळ्यातल्या दागिन्याची, पानडी चिमट्यात धरली की नजर हलवता येत नाही, हात तर अडकलेलेच. कान तेवढे रिकामे. गाणी मला कामात चालत नाहीत. ताल लागला की हात त्याच्यामागं जातो. म्हणून माणसं बोलत असलेला रेडिओ मी कायम शोधत असतो.

मे महिन्यात भाच्यानं मोबाईलवर बीबीसी रेडिओ फोर, हे ब्रिटनचं दिवसभर बोलणारं स्टेशन, लावून दिलं. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. पहिले पंधरा दिवस निम्मं डोक्यावरनं गेलं, मग कान बसला. दुकान उघडायला त्यांचा ‘टुडे’ सुरू व्हायचा, सलग तीन तास बातम्या आणि मुलाखती. गुरुवारी दीडला डबा उघडायचा आणि ‘इन अवर टाइम’ लागायचा. तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तास. कधी एखादं जुनं युद्ध, कधी अणूच्या आत काय आहे ते. कोणी घाई करत नाही. अडीचला ‘वुमन्स अवर’. त्यात एकदा पाळी जायच्या वयातल्या त्रासावर बोलणं चाललं होतं. रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढं नीट मला डॉक्टरनंही सांगितलं नव्हतं. साडेसहाला ‘द आर्चर्स’, म्हणजे एका खेड्यातल्या शेतकरी घरांची मालिका. जमीन कोणाच्या नावावर करायची, गोठा ठेवायचा की विकायचा. लई ओळखीचं वाटतं.

पण खरी गोष्ट पहाटेची. वडील ८१ वर्षांचे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. पाचला उठून बसतात. ५.१८ ला मी त्यांना ‘शिपिंग फोरकास्ट’ लावून देतो. ब्रिटनच्या भोवतालचा समुद्र ३१ भागांत वाटलाय, त्या एकेका भागाचं नाव घेऊन वारा, पाऊस, किती लांबचं दिसेल, एवढंच वाचतात. डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर, थेम्स. वडिलांना इंग्रजी येत नाही. तरी मान थोडी तिरकी करून, बोटं गुडघ्यावर ठेवून शेवटपर्यंत ऐकतात. एकदा मी विचारलं, काय कळतं ओ तुम्हाला? म्हणाले, “राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात तसंच हाय की हे. ज्याचं घर पाण्याकडंला, तो ऐकत असणार.” २०१९ च्या पुरात लाईट नव्हती, तेव्हा सेलवरच्या रेडिओला कान लावून आम्ही असेच बसलो होतो. पंचगंगेवरच्या या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट झालं की धोका, हे आकडे आमच्या घरात पोरांनाही पाठ आहेत.

आता अडचण. गेल्या सोमवारपासून सगळं तासभर उशिरा लागतंय. ५.१८ ला दुसरंच काहीतरी चालू असतं. वडील चुकल्यासारखे बसून राहतात. मोबाईल बिघडलाय का? आणि दुसरं, असं दिवसभर बोलणारं मराठीत काही आहे का? त्यांना कळेल असं?

बावड्याची लेक:

दादा, मोबाईल ठीक आहे. मी माहेरची कसबा बावड्याची, सध्या इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतात. उन्हाळ्यात तुमच्यात-आमच्यात साडेचार तासांचा फरक असतो, आता साडेपाच. त्यांचा शिपिंग फोरकास्ट रात्री १२.४८ लाच असतो, म्हणून तुमच्याकडं तो आता ६.१८ ला येणार. ‘टुडे’ साडेअकराला, ‘आर्चर्स’ साडेसातला. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळं परत पहिल्यासारखं होईल.

रात्रपाळीला मीही तोच फोरकास्ट ऐकते. इतका सावकाश वाचतात कारण बोटीवरच्या माणसाला तो लिहून घेता यावा. सगळा मजकूर मोजक्या शब्दांत बसवायचा असतो, म्हणून ‘वारा’ हा शब्दसुद्धा म्हणत नाहीत, नुसती दिशा आणि आकडा. तुमच्या वडिलांनी बरोबर ओळखलंय. माझा नमस्कार सांगा त्यांना.

एक सांगते, रेडिओ फोरवर वेळ कळावी म्हणून तासाला सहा बीप वाजतात आणि शेवटचा लांब असतो. त्यावर घड्याळ लावू नका. इंटरनेटवरून आवाज काही सेकंद मागून येतो.

जयसिंगपूरचा श्रोता:

गुजरीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, तसं स्टेशन मराठीत नाही. मला हे लिहिताना वाईट वाटतं. माझं आख्खं आयुष्य आकाशवाणीचं सांगली केंद्र ऐकण्यात गेलं. ते १९६३ ला सुरू झालं, तेव्हा रेडिओचं लायसन पोस्टात भरावं लागायचं. बोलणं आपल्याकडंही होतं आणि आहे: प्रादेशिक बातम्या, शेतीची माहिती, भाषणं, श्रुतिका, कीर्तन. पण ते गाण्यांच्या मधेमधे, तुकड्यातुकड्यानं येतं. सलग दिवस कोणी बांधलेला नाही. नभोनाट्याच्या वेळेला गल्लीत शुकशुकाट व्हायचा, म्हणजे ऐकणारे नव्हते असं कोणी म्हणू नये.

तोवर एवढं करा. आकाशवाणीचं कोल्हापूर केंद्र एफएमवर १०२.७ ला लागतं. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर बाकीची केंद्रं सापडतील. आठवडाभर ऐकून कोणत्या केंद्रावर बोलणं कधी असतं ते वहीत टिपा आणि वडिलांचा दिवस त्यावरनं लावा. मी माझ्या आईसाठी असंच केलं होतं. पुढं ती मलाच सांगायची, “आता अमुक लाव.” आणि आवडलेल्या कार्यक्रमाबद्दल केंद्राला पत्र टाका. पत्र आलं की कार्यक्रम करणाऱ्याला बळ येतं.

गुजरीकर:

ताई, काका, मनापासून आभार. वही आणली. पहिल्या पानावर मुलीकडून मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून घेतल्या, ऑक्टोबर ते मार्च ६.१८, मार्च ते ऑक्टोबर ५.१८. आज ६.१८ ला बरोबर लागला. वडिलांना घड्याळाची भानगड सांगितली. ते म्हणाले, “मग तिकडं अजून मध्यरात्रच की. एवढ्या रात्री बोटीवर कोण जागं असंल रं?” आणि पुढचं ऐकायला मला हातानंच गप्प केलं.

सांगली केंद्राला पत्र आज रात्री लिहितो. वडील सांगतील, मी लिहीन.