सात जण, त्यात तीन लहान मुलं: क्रूझवर केबिन कशा घ्याव्यात?

प्रश्न: सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरतेय. आजी-आजोबा, आम्ही दोघं, मुलं 7 आणि 4 वर्षांची, बाळ 10 महिन्यांचं. एक मोठा सुइट की दोन केबिन?

उत्तर १: दोन कनेक्टिंग केबिन, म्हणजे मधल्या दाराने जोडलेल्या. दोन बाथरूम मिळतात, आणि सकाळी खरी ओढाताण तिथेच होते. नुसतं ‘अ‍ॅडजॉइनिंग’ चालणार नाही; त्या शेजारच्या असतात, मधे दार असेलच असं नाही. डेक प्लॅनवर (जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर) दाराची खूण बघूनच नंबर पक्का करा. बाळसुद्धा एक प्रवासी धरतात. तिघांच्या केबिनमध्ये पाळणा टाकून चौथा बसवता येत नाही, कारण संख्या लाइफबोटच्या हिशोबाने ठरते. म्हणून चार अधिक तीन, आणि दोन्ही बुकिंगमध्ये मोठं माणूस हवंच.

उत्तर २: छतातून उतरणारा बंक 4 वर्षांच्या मुलाला देऊ नका. त्याला सोफा-बेड, वर थोरला. पण सोफा-बेड उघडल्यावर पाळण्याला जागा उरत नाही, रात्री बाथरूमची वाट अडते. त्यामुळे पाळणा आजी-आजोबांच्या केबिनमध्ये, आणि तुमच्यापैकी एक जण तिथे झोपा. पाळणा बुकिंगच्या वेळीच मागा. बाथरूममध्ये बहुधा फक्त शॉवर असतो, बाळासाठी फुगवायचा टब न्या.

उत्तर ३: आजींना बोट लागत असेल तर खालचा डेक, जहाजाच्या मध्यावर. वरखाली थिएटर किंवा पूल नाही ना, तेही तपासा. मधल्या दारातून आवाज येतो. फटीला टॉवेल लावा.