आधी हिंदीत पाहिलेला सिनेमा मग तमिळमध्ये पाहिलाय का? रजनी, टॉकीज आणि तुमचे अनुभव

पेरांबूरची_पोर
भावाने व्हॉट्सॅपवर बातमी टाकली की चेन्नईतल्या पेरांबूरचं बृंदा थिएटर पाडतायत. आमच्या भागात त्याला बृंदा कुणी म्हणायचंच नाही, १९८५ मध्ये उद्घाटन खुद्द रजनीकांतने केलेलं म्हणून सगळे 'रजनी थिएटर'च म्हणायचे. बाबा आयसीएफला होते म्हणजे रेल्वेचे डबे बनवतात तो कारखाना, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो, घरात मराठी, शाळेत इंग्लिश आणि मैदानात तमिळ.

तर वेलैक्कारन. १९८७. नमक हलालचा रिमेक. नमक हलाल आम्हाला पाठ होता कारण मे महिन्यात डोंबिवलीला मामाकडे आलो की भाड्याने व्हीसीआर यायचा आणि एका रात्रीत तीन सिनेमे, त्यातला एक हा ठरलेलाच. शेजारच्या मामी (तिकडे सगळ्या शेजारणी मामीच) आणि त्यांची पोरं असे सगळे मिळून वेलैक्कारन बघायला गेलो. आईचं तमिळ भाजीवालीपुरतं, पण त्या दिवशी अख्ख्या रांगेत सगळ्यात जास्त कळत होतं ते तिलाच! आता आजोबा त्याला शहरात पाठवणार, आता हॉटेलात नोकरी लागणार, ती खरी आई आहे बरं का त्याची, असं सगळं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मामींच्या कानात चालू. मामी आधी कौतुकाने ऐकत होत्या मग इंटर्व्हलला त्यांनी तिच्या हातात मुरुक्कूची पुडी दिली आणि स्वतः उठून मुलांच्या पलीकडे जाऊन बसल्या.

बाबा मात्र 'आय कॅन टॉक इंग्लिश' कधी येतंय त्याचीच वाट बघत होते. आलं, आणि थिएटरात जो काही दंगा झाला त्यात एक शब्द ऐकू आला नाही. कागदाचे कपटे उडाले, माझ्या केसात दुसऱ्या दिवशी वेणी घालताना सापडले.

घरी येताना मामींनी निकाल देऊन टाकला की अमिताभने रजनीची नक्कल बरी केलीय. बाबांनी सांगून पाहिलं की अहो तो ८२ चा आणि हा ८७ चा. उपयोग शून्य. मामींनी रजनीचा आधी पाहिला होता ना, मग तोच ओरिजिनल.

असे अनुभव असतील तर लिहा, रजनीचाच पाहिजे असं नाही.

किंग्जसर्कल_जुना
अरोरा टॉकीज!! अजून कुणी नाव कसं नाही घेतलं. माटुंग्याला राहायचो, रजनीचा नवीन पिक्चर म्हणजे आम्हाला गजराची गरज नाही, पहाटे ढोल सुरू. धारावीहून पोरं ट्रकमधून यायची, कटआउटवर दूध, हार, पडद्यासमोर कापूर पण लावायचे. आम्ही चौघे मराठी मित्र अण्णामलाईला घुसलो १९९२ ला, तमिळ ओ की ठो येत नाही. अर्ध्या तासात माझा मित्र ओरडला अरे हा तर खुदगर्ज! जितेंद्र शत्रुघ्नचा! मागून एकाने खांद्यावर हात ठेवला म्हटलं आता मार खातो. तो म्हणतो, "भाऊ शांत बस, गाणं चालू आहे." चक्क मराठीत. दूधवाल्याचं गाणं होतं ते आणि बाहेर कटआउटवर दूध, आत पडद्यावर दूध, मला तर सिनेमा कुठे संपतो तेच कळेना.

आणि ती एस यू पी ई आर अशी अक्षरं एकेक करून येतात ना पडद्यावर, ती त्याच सिनेमापासून सुरू झाली. अंगावर काटा यायचा राव.

मधली_सुट्टी
खुदगर्जमध्ये नीलमचं ते गाणं होतं ना… नको आठवायला. दिवसभर डोक्यात राहील आता.

तंजावरची_सून
माझं सासर तंजावरचं, साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले मराठी. माझं आणि सासूबाईंचं मराठी एकमेकींना कळायला वर्ष गेलं, त्या म्हणायच्या तुझं पुण्याचं मराठी फार घाईचं आहे. पण रजनीच्या बाबतीत एकदम एकमत. त्या कधीच रजनी म्हणत नसत, "शिवाजीराव लागलाय का टीव्हीला" असं विचारायच्या, जणू चुलत दीर आहे. गायकवाड म्हणजे आपलाच, त्यात चर्चा नाही. मी एकदा म्हटलं की अहो हा सिनेमा आमच्याकडे अमिताभचा आहे, तर म्हणाल्या असू दे की, त्याच्याकडे तरी कुठे मराठी नाव आहे.

बृहदीश्वराला गेलात कुणी तर सरफोजी राजांचा तो भला मोठा मराठी शिलालेख बघा. विषय वेगळा आहे पण बघाच.

पेरांबूरची_पोर
@तंजावरची_सून चुलत दीर! ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

तंजावरची_सून
त्या आता नाहीत गं. पण नमस्कार पोचला समज.

सासवडचा
शिवाजीराव आमचाच आहे. मावडी कडेपठार, जेजुरीजवळ, तालुका पुरंदर. गावात कुणालाही विचारा, गायकवाड मूळचे इथले हे सांगतात, रजनी बेंगलोरला जन्मला ते वेगळं. आमच्या काकांनी रजनीचा एकही सिनेमा बघितलेला नाही पण अभिमान फुल्ल. हम टीव्हीवर लागला की अमिताभच्या सीनला जाऊन चहा ठेवायचे आणि रजनी आला की हाक मारायला लावायचे.

थर्ड_अंपायर
नमक हलालचा विषय निघाला म्हणून. त्या इंग्लिशच्या सीनमध्ये विजय मर्चंट आणि विजय हजारे १९२९ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध बॅटिंग करत असतात. आता, भारताची पहिली टेस्टच १९३२ ची, लॉर्ड्सला. हजारे १९२९ ला सांगलीत चौदा वर्षांचे पोर होते. आणि मर्चंट एकही टेस्ट ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळले नाहीत, दहाच्या दहा इंग्लंडविरुद्ध. ४७-४८ च्या दौऱ्याला कॅप्टन म्हणून नेमले होते पण गेलेच नाहीत. हजारे गेले आणि ॲडलेडला दोन्ही डावांत शतक मारलं, ११६ आणि १४५, समोर ब्रॅडमनची टीम. त्यावर सिनेमा काढा म्हणावं.

मधली_सुट्टी
अहो काका तो जोक आहे

थर्ड_अंपायर
माहितीये. पण सांगली म्हटलं की मला राहवत नाही.

वसईवाली
मला हा धागा वाचून स्मिता पाटील आठवली. नमक हलालमधलं पावसातलं गाणं आमची आई कधीच पूर्ण बघायची नाही, म्हणायची हिला कशाला असल्या गाण्यात घेतलं, बातम्या द्यायची तेव्हा किती छान दिसायची. मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या. जीन्सवर साडी नेसून बसायची म्हणे. वेलैक्कारन आला मार्च ८७ ला ना? म्हणजे ती जाऊन तीनच महिने झालेले, १३ डिसेंबर ८६. एकतीस वर्षं फक्त. तमिळमध्ये तिच्या जागी कोण होतं?

किंग्जसर्कल_जुना
अमला. शशी कपूरच्या जागी शरत बाबू, वहिदाच्या जागी के आर विजया. आणि बप्पीदांच्या जागी इलैयाराजा, 'वा वा वा कण्णा वा' ऐका एकदा रात्री हेडफोन लावून. इथे मात्र मी बाजू बदलतो, गाण्यात रिमेक पुढे. मारा मला.

वसईवाली
पग घुंगरू सोडून रिमेक पुढे?? किशोरदांसाठी मी भांडेन हां. पण थांबा कुकरची शिट्टी झाली.

हॉस्टेल_नं_सात
मी इंजिनिअरिंग चेन्नईला केलं. रूममेट मदुराईचा. त्याला जुने सिनेमे दाखवायची भारी हौस, एकदा मिस्टर भारत लावला, म्हटलं हा तर त्रिशूल. त्यात रजनीच्या बापाचं काम सत्यराजने केलंय आणि गंमत म्हणजे सत्यराज रजनीपेक्षा जवळजवळ चार वर्षांनी लहान!! बाप लहान मुलगा मोठा. आणि तरी पटतं यार. दोघांचं ते 'एन्नम्मा कण्णु' गाणं, एकमेकांना टोमणे मारतात, त्याचा आमच्या मजल्यावर नुसता धुमाकूळ, ज्याचा केटी लागला त्याच्या दारासमोर उभं राहून म्हणायचे, अर्थ "काय रे बाळा बरं आहे ना" छापाचा. माझ्या दारासमोर बऱ्याचदा झालंय.

वसूलराजा पण तिथेच पाहिला. मुन्नाभाईचा, कमल हासन, सर्किटच्या जागी प्रभू. जादू की झप्पीचं तिकडे 'कट्टिपुडी वैद्यम' झालं. मेसचे अण्णा रोज एकाला धरून मिठी मारायचे, अंगाला सांबाराचा वास, घरची आठवण येत असली की मी मुद्दाम रांगेत पुढे उभा राहायचो. हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पेरांबूरची_पोर
अण्णांचं वाचून गलबललं रे.

पान_खाए
डॉनचा बिल्ला, १९८०. तुम्हाला वाटेल बनारसी पानाचं काय केलं असेल. तर सरळ विड्याचं पान ठेवलं आणि बनारस उडवलं, 'वेत्तलय पोट्टेण्डि'. बरोबरच आहे, तंजावर कुंभकोणमकडे पान काय कमी पिकतं का. मी कामानिमित्त कोइंबतूरला होतो तेव्हा लॉजच्या टीव्हीवर बघितला, आवाज कमी होता तरी प्रत्येक सीन ओळखत होतो, मॅनेजर येऊन म्हणाला सार तुम्हाला तमिळ येतं? म्हटलं नाही, बिल्ला येतो. त्याने खाली जाऊन स्टाफला सांगितलं, सकाळी इडलीबरोबर एक वडा जास्त.

नंतर २००७ ला अजितने परत केला. तो मी पाहिला पण मला आपला लॉजवाला बरा.

गोदाकाठ
कुणी तिल्लू मुल्लू पाहिलाय का? गोलमालचा. बालचंदरनी रजनीला मिशी काढायला लावली होती. रजनीची मिशी! आणि उत्पल दत्तच्या जागी तेंगाई श्रीनिवासन, मिशीवरचं प्रेम तेच. मी सबटायटल लावून बघितला आणि सासऱ्यांना हाक मारली, ते उत्पल दत्तचे कट्टर. त्यांनी पंधरा मिनिटं बघितला, चष्मा पुसला, म्हणाले "हा माणूस काम चांगलं करतो पण हा उत्पल दत्त नाही" आणि उठले. मग मी एकटाच हसत बसलो. खरं सांगू का, पेरांबूरच्या मामी आणि आमचे सासरे सेम टू सेम आहेत. जो आधी बघितला तो देव, दुसरा आला की तो पुजारी पण नाही.

मधली_सुट्टी
पाचवी ओळ वाचेपर्यंत मला वाटलं सासऱ्यांची मिशी काढली

वसईवाली
आले परत. डाळ लागली थोडी. मी 'वा वा वा' ऐकलं यूट्यूबवर. बरं आहे. चाल चांगली आहे. पग घुंगरू पग घुंगरूच आहे पण हे पण वाईट नाही. एवढंच बोलणार.

किंग्जसर्कल_जुना
एवढं पुरे आम्हाला, माटुंग्यात पेढे वाटतो.

तंजावरची_सून
माटुंग्यात आहात तर एक विचारू का दादा, फिल्टर कॉफीची पावडर ताजी दळून कुठे मिळते? इकडे ठाण्यात पाकिटातली घेते पण ती चव येत नाही. सासूबाई रोज बिया भाजायच्या, घरभर वास.

किंग्जसर्कल_जुना
अहो ताई, किंग्ज सर्कलला स्टेशनवरून उतरून नाकासमोर चालत या, जिथे वास येईल तिथे थांबा. समोर दळून देतात. अर्धा पाव अर्धा पावच घ्या, जास्त नको, वास उडतो. चिकोरी किती लागते तुम्हाला?

तंजावरची_सून
ऐंशी-वीस. माझे मिस्टर म्हणतात बिनचिकोरीची पाहिजे पण ते काही कॉफी करत नाहीत.

हॉस्टेल_नं_सात
सत्तर-तीस करून बघा ताई, मेसमध्ये तशीच असायची. दाट होते.

तंजावरची_सून
सत्तर-तीस?? सासूबाईंनी घरात घेतलं नसतं तुला.