ग्रेटा व्हॅन फ्लीट : झेपेलिनची झेरॉक्स की अजून काही?

खरखर_रेकॉर्ड :
परवा काम करताना मागे गाणी चालू होती, आपोआप एकामागून एक लागत जातात तशी. मध्येच एक गिटारचा रिफ (फिरून फिरून येणारा तुकडा) आला आणि त्यावर लांबलचक किंकाळी, मी म्हटलं अरे इतकी वर्षं लेड झेपेलिन, तो सत्तरच्या दशकातला ब्रिटिश रॉक बँड, ऐकतोय, हे गाणं सुटलं कसं! फोन उचलून बघतो तर 'हायवे ट्यून', ग्रेटा व्हॅन फ्लीट, २०१७. मिशिगनमधल्या फ्रँकनमुथची पोरं, तीन भाऊ (त्यातले दोघं जुळे) आणि एक ड्रमर. मग काय, रात्री बसून सापडलं तेवढं सगळं ऐकलं. आवडलं, खोटं कशाला बोलू. पण सारखं कोणाच्या तरी घरात मागच्या दाराने शिरल्यासारखं वाटत होतं. झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याच्यासारखा गळा असणं हा काही गुन्हा नाही, पण ओळ संपताना आवाज कुठे फाडायचा, कुठे कण्हायचं, हेही तिथूनच उचलायचं? यात यांचं स्वतःचं काय आहे, सांगा बरं.

बेसलाइन :
काही नाही. धागा बंद करा 😀
२०१८ ला त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला तेव्हा पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटने १० पैकी १.६ दिले होते. तेव्हा मला तो दुष्टपणा वाटला होता, आता वाटत नाही.

उशिरा_आलेला :
आणि २०१९ ला त्याच पोरांना बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं ते? मार्कांवरच जायचं तर दोन्हीकडचे धरा. बाकी चोरीबद्दल झेपेलिनवाल्यांनी तरी बोलू नये बुवा. त्यांच्या 'व्होल लॉटा लव्ह'साठी विली डिक्सन या ब्लूजवाल्याने १९८५ ला केस टाकली, ती कोर्टाबाहेर मिटवावी लागली. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे जेक होम्सचं १९६७ चं गाणं, आणि १९६९ च्या अल्बमवर नाव कोणाचं, तर एकट्या जिमी पेजचं, झेपेलिनच्या गिटारवाल्याचं! या पोरांनी निदान कोणाचं गाणं स्वतःच्या नावावर नाही केलं, नुसता ढंग घेतला. आता ढंगाचाही सातबारा असतो का?

बेसलाइन :
क्रेडिटचं पाप कबूल, त्यावर वाद नाही. पण घेतलेल्याचं पुढे काय केलं ते बघ ना. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मूळ १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय, गिटार आणि गळा, बाकी काही नाही (आणि इथे झेपेलिनने मिनीचं नाव दिलंय, हेही नोंदव). १९७१ च्या अल्बमसाठी झेपेलिनने हेडली ग्रेंज नावाच्या जुनाट घरात आपला ड्रमर बॉनहॅमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि माइक वर जिन्यात टांगले. तो ड्रम त्या घरासकट वाजतो, हेडफोन लावून ऐक, प्रत्येक ठोका भिंतींना आपटून परत येतो. ही दोन्ही गाणी मागोमाग लावली तर एकच आहेत हे कोणीतरी सांगावं लागतं. आता झेपेलिन आणि फ्लीट मागोमाग लाव, वेगळे आहेत हे सांगावं लागतं. एवढंच म्हणणं आहे माझं.

तिसरी_घंटा :
बेसलाइन काका (काका चालेल ना?), मी उलट्या बाजूने आले. आधी फ्लीट ऐकले, मग सगळे टोमणे मारत होते म्हणून झेपेलिन शोधले, आणि माझ्या कानाला पहिल्या दिवशी प्लांटच यांची नक्कल करतोय असं वाटलं 🙈 २०१२ ला बँड सुरू केला तेव्हा ही पोरं शाळेत जात होती हो. त्या वयात सगळे कोणाचे तरी बूट घालूनच चालतात. खुद्द प्लांटने २०१८ ला, हे तर आमचा पहिला अल्बमच आहेत आणि त्या गायकाचा मला राग येतो, असं हसत हसत म्हटलं होतं. त्याला चालतंय आणि आपल्यालाच पोटदुखी!

बेसलाइन :
काका चालेल. पण प्लांटला चालणारच, त्याचीच स्तुती आहे ती.

खरखर_रेकॉर्ड :
हे भांडण तसं जुनंच आहे म्हणा. १९८८ ला किंगडम कम नावाचा बँड आला होता, त्याला लोक सरळ 'किंगडम क्लोन' म्हणायचे. पण मी काल फ्लीटचा २०२१ चा अल्बम लावला, 'द बॅटल अ‍ॅट गार्डन्स गेट'. गाणी लांबलीत, मागे व्हायोलिनबियोलिन आलंय, आणि शेवटचं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे. त्यात गिटार सुटते ती बराच वेळ थांबतच नाही, आणि तेवढ्यात मी झेपेलिन विसरलो होतो. काका, तेवढं एक ऐका आणि बोला.

बेसलाइन :
ऐकलं. मला रश (कॅनडाचा जुना रॉक बँड) आठवले.

उशिरा_आलेला :
म्हणजे प्रगती आहे, आता दोन बँडची उधारी 😂

बेसलाइन :
हसू नकोस. गिटारचा सोलो मागे ओढून परत लावलाय, पूर्ण झाला की बोलतो.