मदत हवी आहे: बाबांसोबत जपान, जुनी देवळं आणि दुखरे गुडघे

ओंजळ:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाबांना घेऊन दहा दिवस जपानला जायचं ठरतंय. आम्ही पुण्याचे. बाबा ७३ वर्षांचे, शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. चालतात बऱ्यापैकी, पण जिने आणि मांडी घालून बसणं आता जमत नाही. शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

हे सगळं सुरू झालं अजिंठ्याला. गेल्या हिवाळ्यात पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर बाबा बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "याच्याच घराण्यातली चित्रं जपानात होर्युजी नावाच्या देवळाच्या भिंतींवर होती. जळाली. निदान ती जागा तरी बघायला हवी." एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे मनावर घेतलंय.

एका सहल कंपनीकडून कार्यक्रम मागवला. त्यात फुजी, थीम पार्क, खरेदीचे दोन दिवस, आणि नाराला दोन तास 'हरणांसाठी'. होर्युजीचं नाव नाही. बाबांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. आता आम्ही दोघंच जाणार.

मला माहितगारांकडून हवंय ते असं. चित्रंच उरली नसतील तर होर्युजीला जाण्यात अर्थ आहे का? आपल्याकडचे देव तिकडे पोचले असं ऐकते, ते संग्रहालयाच्या काचेत नाही तर देवळात, पूजेत कुठे दिसतील? कोयासान या मठांच्या डोंगरावर, मठात राहायची बाबांची फार इच्छा आहे, गुडघ्यांचं काय? आणि जेवणाचं खरंखरं सांगा, "मिळतं सगळं" असं नको.

शिलालेख:
होर्युजीला जाच. तिथल्या लाकडी इमारती जगातल्या सर्वांत जुन्या मानल्या जातात, चित्रं नसती तरी तेवढ्यासाठी मी गेलो असतो. 'कोंदो' म्हणजे मुख्य मंदिराला २६ जानेवारी १९४९ ला आग लागली. भिंतींच्या नकला करण्याचं काम तेव्हा चालूच होतं. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी जपाननं सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला, आणि अजूनही २६ जानेवारीला देशभरच्या देवळांत आग विझवण्याची कवायत होते. आपल्या प्रजासत्ताक दिनी! बाबांना हे नक्की सांगा.

आत आता दिसतात त्या १९६८ साली पूर्ण झालेल्या प्रतिकृती. पण वरच्या पट्टीतल्या उडत्या अप्सरांची २० लहान चित्रं आगीच्या वेळी काढून ठेवलेली होती, म्हणून ती वाचली. अजिंठ्याशी धागा आणखी एका माणसानं जोडलेला आहे. अराई काम्पो नावाचा चित्रकार टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात आला, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून गेला. तोच पुढे १९४० पासून होर्युजीच्या भिंतींच्या नकला करणाऱ्यांत होता. दोन्हीकडच्या भिंतींसमोर बसून रेषा न् रेषा गिरवणारा माणूस! बाबा अजिंठा बघून तिथे जाताहेत, हा क्रम फार छान आहे.

जमीन सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटं लागतात, पण बस आहे.

उगवतीकर:
मी ओसाकात नोकरीला आहे, आईबाबांना दोनदा फिरवलंय, म्हणून लिहितो.

नाराला दोन तास नका देऊ, दोन रात्री द्या. तोदाइजी देवळातला महाबुद्ध सगळे बघतात, पण ७५२ साली त्याचे डोळे कोणी उघडले हे फार थोड्यांना माहीत असतं. ते केलं बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. ७३६ साली तो जपानला पोचला होता. प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी त्यानं मूर्तीच्या बुबुळांत शाई भरली, आणि त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधलेला होता. जमलेल्या लोकांनी तो दोर धरून ठेवला, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि तो निळा दोर आजही तिथल्या शोसोइन या शाही कोठारात जपून ठेवलेला आहे. माझी आई हे ऐकून मूर्तीसमोर रडली होती. रथाचा दोर धरायला गर्दी का होते ते आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या तारखाही चांगल्या आहेत. शोसोइनमधल्या वस्तूंचं प्रदर्शन वर्षातून एकदाच, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे, नारा राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. दरवर्षी वस्तू वेगळ्या असतात. वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागतं, तेवढं विसरू नका.

जेवणाबद्दल खरंखरं: अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. सूप, नूडल्स, शिजवलेली भाजी, सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. "शाकाहारी" म्हटलं तरी वाढणाऱ्याला दाशी आठवत नाही. म्हणून जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा: मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, माशाची दाशीही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा ओनिगिरी, भाताचा गोळा, मिळतो, आमच्या बाबांनी त्यावर दिवस काढलेत. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट घेऊन जा.

भटकभवानी:
देवांबद्दल मी सांगते, कारण मी त्यांच्याच मागे फिरले होते.

क्योतोत तोजी हे देऊळ. तिथल्या व्याख्यानगृहात २१ मूर्तींचं मंडल आहे, त्यात हंसांच्या आसनावर चतुर्मुख ब्रह्मदेव (बोन्तेन) आणि हत्तीवर बसलेला इंद्र (ताइशाकुतेन). ऐरावत म्हणावा असाच हत्ती! दुसरं सान्जूसान्गेन्दो. जवळजवळ १२० मीटर लांब दालनात सहस्रभुज कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती. सगळे त्या ओळींकडे बघत पुढे जातात. तुम्ही समोरच्या २८ रक्षकांकडे बघा, त्यात बासरी वाजवणारा गरुड आहे, नाव कारुरा. फोटो काढू देत नाहीत. ते मला बरंच वाटलं, माणूस नीट बघतो.

तोक्योत असाकुसाला सेन्सोजीपासून थोडं चालून मात्सुचियामा शोदेन आहे. हा आपला गणपती, तिकडे कांगितेन. मूर्ती गुप्त असते, कोणाला दिसत नाही, आणि नैवेद्य म्हणून मुळा वाहतात. पांढरेशुभ्र मुळे रांगेत ठेवलेले. वर जायला लहानशी सरकगाडी आहे, त्यामुळे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या तोरणांखालून, म्हणजे लाल कमानींखालून, डोंगर चढायचा हट्ट मात्र सोडा. खालची थोडी तोरणं बघून परत या.

उगवतीकर:
कोयासानबद्दल राहिलंच. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग दोरगाडी. मठातल्या निवासाला शुकुबो म्हणतात. झोपायला जमिनीवर फुतोन, म्हणजे गादी असते, जेवण जमिनीवर बसून. पण काही मठांत खुर्ची-टेबल आणि पलंग आहेत, आरक्षण करतानाच विचारा. जेवण पूर्ण शाकाहारी, तीळ वाटून केलेलं गोमादोफू बाबांना आवडेल. दाशीची चिंता न करता जेवता येतं ते इथे.

कोयासान ८१६ साली कूकाई या भिक्षूनं वसवलं. ८३५ साली तो समाधीत गेला, आणि भक्त मानतात की तो गेलेला नाही, ओकुनोइनमध्ये अजून ध्यानस्थ आहे. रोज दोनदा त्याच्यासाठी ताट जातं. आळंदीला जाणाऱ्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. समाधीपर्यंतची वाट दोन किलोमीटर आहे, देवदारांसारख्या उंच झाडांमधून, दोन्हीकडे दोन लाखांहून जास्त थडगी. गुडघे दुखत असतील तर बसनं ओकुनोइन-माए थांब्याला उतरा, अंतर निम्मं होतं.

शिलालेख:
त्या थडग्यांपाशी थांबून बघायला सांगा बाबांना. पाच दगड एकावर एक रचलेले असतात, पंचमहाभूतं. खालून वर पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आणि अनेकांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत कोरलेलं असतं अ, व, र, ह, ख. देवनागरी येणाऱ्याला थोड्या प्रयत्नानं अक्षरं लागतात. संस्कृतच्या शिक्षकानं जपानच्या डोंगरात स्वतः वाचावीत, याहून मी काय सांगू.

ओंजळ:
काय लिहू, सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. दोराचा भाग दोनदा वाचायला लावला. मग उठून कपाटातून वही काढली आणि अ व र ह ख लिहून घेतलं.

बेत असा करतेय: ओसाकाला उतरून कोयासान २ रात्री, नारा २, क्योतो ३, तोक्यो २. तोक्योहूनच परत. रेल्वेचा सात दिवसांचा पास घ्यावा का? आणि एक दिवस ओकायामाला जावं का? सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात बाबा रोज फिरायला जातात, ते ज्या बागेच्या धर्तीवर केलंय ती ओकायामाची मूळ बाग, कोराकुएन, बघावी असं त्यांच्या मनात आहे.

उगवतीकर:
पास नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत ५०,००० येन झाली. ओकायामा सोडलं तर तुमचा लांबचा टप्पा क्योतो ते तोक्यो एवढाच, त्याचं साधं तिकीट १४ हजार येनच्या आसपास. ओकायामा मात्र जरूर करा, क्योतोहून शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, सपाट आहे, बसायला जागा भरपूर. पलीकडे काळा किल्ला दिसतो. वाटेत हिमेजीचा किल्ला लागतो, पण आतले लाकडी जिने फार उभे आहेत. बाहेरूनच बघा. मोठ्या बॅगा हॉटेलहून पुढच्या हॉटेलला कुरियरनं पाठवता येतात, ते करा. कोयासानला फक्त पाठीवरची पिशवी न्या.

ओंजळ:
ठरलं तर. एकच विचारायचं राहिलं. मठातल्या पहाटेच्या पूजेला बाबांना धोतर नेसून बसायचंय. चालेल ना?

भटकभवानी:
चालेल, आनंदानं. कोणी काही म्हणणार नाही. आतून लोकरीची पँट आणि दोन जोड मोजे घालायला द्या, नोव्हेंबरात पहाटे तिथे कडाक्याची थंडी असते. खुर्ची हवी असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.