प्रतिभावंताला गुन्ह्याचा जाब विचारायचा की नाही?

नदीकाठ:
१९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये तेरा वर्षांच्या मुलीवरील बलात्कारासह सहा आरोप दिग्दर्शक रोमन पोलन्स्की यांच्यावर ठेवले गेले. सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीनंतर त्यांनी अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला, मानसिक तपासणीसाठी ४२ दिवस तुरुंगात काढले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये, शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच, ते फ्रान्सला पळून गेले. २००३ मध्ये त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. पुढे २००९ मध्ये झुरिकच्या चित्रपट महोत्सवासाठी गेले असता त्यांना अटक झाली, तेव्हा मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासह शंभराहून अधिक चित्रकर्मींनी त्यांच्या सुटकेची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. ज्यांच्या चित्रपटांवर मी मनापासून प्रेम केले, त्यांची नावे त्या यादीत पाहून मला फार वाईट वाटले. आपणांस काय वाटते?

सांजवारा:
थोर दिग्दर्शकाच्या गौरवाच्या सोहळ्याचा उपयोग पोलिसांनी अटकेसाठी करावा, ही बाब त्या निवेदनाला आक्षेपार्ह वाटली. माझ्या मते त्या निवेदनाची मुख्य चूक इथेच आहे. आपल्याकडेही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्याखाली अभिनेते संजय दत्त यांना दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी दत्त यांच्यासाठी माफी मागताना, दत्त यांच्या चित्रपटाने गांधीजींची आठवण पुन्हा जागवली, हाही मुद्दा मांडला होता. (त्याच खटल्यातील एका वृद्ध, आजारी महिलेसाठीही त्यांनी दया मागितली, हे नोंदवायलाच हवे.) आजारपण कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, त्यामुळे त्या कारणाने मागितलेली दया सर्वांना खुली राहते; चित्रपटाच्या आधारे मागितलेली दया मात्र फक्त नटालाच मिळू शकते.

उंबरठा:
पोलन्स्की यांची दुसरी बाजूही पाहावी. ठरलेली तडजोड न्यायाधीश मोडणार, असे त्यांच्या वकिलांना कळले होते आणि ती तक्रार गंभीर आहे. शिवाय त्या मुलीनेच, मोठी झाल्यावर, त्यांना क्षमा केली आणि खटला संपवावा असे सांगितले. मग आपण बाहेरच्यांनी आग्रह का धरावा?

नदीकाठ:
न्यायाधीशांविषयीची तक्रार मला मान्य आहे, परंतु ती कोणत्याही आरोपीला करता येते. तिच्यासाठी ऑस्कर लागत नाही आणि ती मांडण्याची जागा वरचे न्यायालय हीच होती. त्या स्त्रीच्या क्षमेचाही मी आदर करतो. मात्र ही क्षमा तिची स्वतःची आहे. चाहत्यांनी ती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये. २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, ती स्वतः लॉस एंजेलिसच्या न्यायालयात उभी राहिली आणि हे प्रकरण आता मिटवा, अशी तिने विनंती केली. न्यायालयाने ती फेटाळली, कारण आरोपी तेव्हाही फरारच होता. १९७८ मध्ये ते शिक्षा ऐकायला थांबले असते, तर तिला ही पायरी पुन्हा चढावी लागली नसती.