मदत हवी आहे : टीएनएफने चेतापेशी मरतच नाहीत, मग बीडीएनएफने वाचवल्या हे दाखवायचं कसं?

पळसफूल
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फार्मसी कॉलेजची लहानशी पेशीसंवर्धन लॅब आहे. एम.फार्म.चा प्रकल्प आहे. दाहामुळे (टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन) मरणाऱ्या चेतापेशींना ग्रोथ फॅक्टर (पेशी जगवणारी प्रथिनं, माझ्याकडे बीडीएनएफ) कसे वाचवतात, ते दाखवायचं आहे.

पेशी एसएच-एसवाय-५-वाय (न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कर्करोगातून आलेली लाइन), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या, पॅसेज १८ (इतक्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या). माध्यम डीएमईएम-एफ१२ आणि १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). ९६ खणांची प्लेट, खणागणिक १०,००० पेशी. दुसऱ्या दिवशी टीएनएफ-अल्फा २० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि बीडीएनएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिली सोबतच टाकते. २४ तासांनी एमटीटी ही रंगाची चाचणी.

अडचण अशी की टीएनएफने पेशी मरतच नाहीत. डोस १०० नॅनोग्रॅमपर्यंत नेला तरी वाचन कंट्रोलच्या ९० टक्क्यांच्या वरच राहतं. बीडीएनएफच्या खणांत तर कंट्रोलपेक्षाही थोडं जास्त येतं. याला संरक्षण म्हणता येईल का? बीडीएनएफची १० मायक्रोग्रॅमची कुपी संपत आली आहे. दुसरी मागवायच्या आधी चूक कळली तर बरं होईल.

अक्षतंतू
नाही म्हणता येणार, ताई. जे मेलंच नाही ते वाचलं कसं म्हणायचं? एमटीटी मेलेल्या पेशी मोजत नाही, जिवंत पेशींच्या चयापचयाचा वेग मोजते. ग्रोथ फॅक्टरने तो वेग वाढतो, म्हणून आकडा चढतो. सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर गळणारं एन्झाइम) घ्या. होएख्स्ट आणि प्रोपिडियम आयोडाइडने रंगवून प्रत्येक गटातली किमान ३०० केंद्रकं मोजा. आक्रसलेली, तुकडे पडलेली केंद्रकं डोळ्यांना दिसली की वाद उरत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, प्रौढ चेतापेशींसारख्या न बदललेल्या एसएच-एसवाय-५-वाय पेशींवर बीडीएनएफचा रिसेप्टर, ट्रक-बी, जवळजवळ नसतोच. कुलूपच नाही तिथे किल्ली कितीही फिरवा. आधी रेटिनोइक ॲसिडने पेशी बदलून घ्या:

डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलरचा साठा करा. १ मिली माध्यमात १ मायक्रोलिटर टाकलं की १० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. कंट्रोललाही तेवढाच डीएमएसओ द्या. उजेडाने हे औषध बिघडतं, म्हणून नळी फॉइलमध्ये ठेवा. एफबीएस १ ते २.५ टक्क्यांवर आणा. दर ४८ तासांनी माध्यम बदला. पाच दिवसांनी पेशींना लांब शेपट्या फुटलेल्या दिसतील.

मग एका खणात बीडीएनएफ देऊन १० ते १५ मिनिटांत पेशी फोडा आणि फॉस्फो-एकेटी, सेरीन ४७३ (जगवणाऱ्या एकेटी प्रथिनाचं चालू झालेलं रूप), याचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा. पट्टी चढली तर रिसेप्टर आला आणि बीडीएनएफही जिवंत आहे. दुसऱ्या खणात आधी अर्धा तास के२५२ए (ट्रक रिसेप्टर अडवणारं औषध) २०० नॅनोमोलर द्या, तिथे पट्टी चढायला नको. हा एक ब्लॉट झाल्याशिवाय पुढची प्लेट लावू नका.

वैनगंगाकाठ
टीएनएफ का मारत नाही, त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, टीएनएफ रिसेप्टर-१ वर बसलं की आधी एनएफ-कप्पा-बी जागं होतं आणि ते सीआयएपी, सी-फ्लिप यांसारखी पेशीला जगवणारी प्रथिनं बनवायला लावतं. ही वाट अडली तरच सिग्नल मृत्यूकडे वळतो. म्हणजे एकटं टीएनएफ बहुतेक पेशींना मारत नाही, पुस्तकातला बाण तसा दाखवतो खरा.

दुसरं, बऱ्याच न्यूरोब्लास्टोमा लाइनमध्ये कॅस्पेज-८ चं जनुक मेथिलेशनने बंद असतं आणि तुमची लाइन त्यातलीच. टीएनएफचा मृत्यूचा निरोप पुढे नेणारा कॅस्पेज-८ च. तो नसेल तर डोस १०० चा ५०० करून पैसेच जातील.

पुष्कळ जण इथे टीएनएफसोबत सायक्लोहेक्झिमाइड घालतात. तुमच्या प्रश्नासाठी ते घातक आहे. बीडीएनएफ दोन वाटांनी वाचवतं. एक झटपट वाट: पीआय३-कायनेज, मग एकेटी, आणि एकेटी बॅड या मृत्यूकडे नेणाऱ्या प्रथिनाच्या सेरीन १३६ वर फॉस्फेट बसवून त्याला मायटोकॉन्ड्रियापासून दूर ठेवतं. दुसरी सावकाश वाट: ईआरके, मग क्रेब, मग नवं बीसीएल-२ (पेशीमृत्यू रोखणारं प्रथिन). सायक्लोहेक्झिमाइड नवी प्रथिनंच बनू देत नाही, त्यामुळे दुसरी वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवता आणि मग म्हणता, संरक्षण कमी दिसतं.

त्यापेक्षा मायक्रोग्लियाचं (मेंदूतल्या दाह घडवणाऱ्या रक्षक पेशींचं) माध्यम वापरा. बीव्ही-२ या मायक्रोग्लियाच्या लाइनला एलपीएस (दाह पेटवणारा जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली ६ तास द्या. पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुवा. हे टाळलं तर उरलेलं एलपीएस पुढच्या पेशींवर जाईल. ताजं माध्यम घालून १८ तास ठेवा. ते काढून १,००० जी वर १० मिनिटं फिरवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा. चेतापेशींना देताना निम्मं हे, निम्मं ताजं माध्यम. नुसतं वापरलेलं माध्यम दिलं तर ग्लुकोज संपल्याने आणि आम्लतेने पेशी मरतात आणि आपण त्याला दाह समजतो. एलपीएस न दिलेल्या बीव्ही-२ चं माध्यम हा कंट्रोल हवाच हवा.

मृत्यू कोणत्या प्रकारचा, तेही तपासा. झेड-व्हॅड (कॅस्पेज अडवणारं) २० मायक्रोमोलरने पेशी वाचल्या तर कॅस्पेजचं काम. झेड-व्हॅडने उलट जास्त मेल्या आणि नेक्रोस्टॅटिन-१ ने वाचल्या, तर तो नेक्रोप्टोसिस (कॅस्पेजशिवाय पेशी फुटून होणारा मृत्यू), आरआयपीके-१ आणि ३ च्या वाटेचा. तिथे बीसीएल-२ चा फार उपयोग नाही.

पळसफूल
खूप आभार. आणखी माहिती देते, कामाची असेल तर. बीडीएनएफ साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून एकाच नळीत ठेवलं आहे, उणे २० च्या फ्रीजरमध्ये. दर वेळी तीच नळी काढते. आणि सध्या दुपारी लाइट गेली की एसी बंद पडतो. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण आकडा ३९ ते ४० दाखवतो.

अक्षतंतू
हे आधी सांगायला हवं होतं, ताई. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

बीडीएनएफ काच आणि प्लास्टिकला चिकटतं. पाण्यातल्या विरळ द्रावणातलं बरंच नळीच्या भिंतीलाच राहतं, आणि दर वेळच्या गोठण्या-वितळण्याने उरलेलंही खराब होतं. नवी कुपी आली की उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करा, पावडर झाकणाला लागलेली असते. पीबीएसमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घालून १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा. म्हणजे १ मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम. ५-५ मायक्रोलिटरच्या नळ्या करा, एक नळी एकदाच वापरा. २ मिली माध्यमात १ मायक्रोलिटर म्हणजे तुमचा ५० नॅनोग्रॅमचा डोस. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर असेल तर त्यात ठेवू नका. मे महिन्यात पार्सल नागपूरहून एसटीने मागवण्यापेक्षा कोरड्या बर्फात, सोमवारी निघेल असं मागवा, शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही.

वैनगंगाकाठ
उष्णतेबद्दल सांगतो. साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. खोलीचं तापमान आतल्यापेक्षा साधारण ५ अंशांनी कमी असेल तरच तो ३७ धरून ठेवतो. खोली ४२ वर गेली की तो बिचारा काय करणार!

आणि ४० अंशांना पेशी एचएसपी-७० बनवतात. हे प्रथिन स्वतःच पेशीमृत्यू रोखतं. म्हणजे दुपारी तापलेल्या पेशी संध्याकाळी दाहाला आधीच तयार असतात. एका आठवड्यात मृत्यू दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, असं होत असेल तर पहिला संशय इथे घ्या. आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि ३८ ओलांडलेल्या दिवसाची प्लेट मोजणीत धरू नका. शक्य असेल तर एसीलाच जनरेटरची लाइन द्या. प्लेटच्या कडेच्या ३६ खणांत नुसतं पीबीएस भरा. तिथलं पाणी उडून क्षार वाढतात.

सातपुडा
वेळेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टीएनएफ आणि ग्रोथ फॅक्टर फक्त सोबत देऊन थांबू नका. १९९९ मध्ये वेंटर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशीला न मारणारं, अगदी पिकोग्रॅमभर टीएनएफसुद्धा चेतापेशीतला आयजीएफ-१ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा सिग्नल आयआरएस-२ या निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनापाशी अडवतं. म्हणजे दाह फक्त मारत नाही, वाचवणाऱ्याचा आवाजही दाबतो. मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तीन गट करा: बीडीएनएफ २४ तास आधी, सोबत, आणि ६ तास नंतर. आधीच्याने वाचवलं आणि नंतरच्याने नाही, तर प्रबंधात लिहायला खरं काही मिळालं.

सीरमऐवजी एन-२ हे तयार पूरक मिश्रण वापरणार असाल तर त्यात इन्सुलिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली पडतं. एवढं इन्सुलिन आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही चालू करतं. बी-२७ या तशाच मिश्रणात अँटिऑक्सिडंट असतात, त्याची बिनअँटिऑक्सिडंटची आवृत्ती मागा. नाहीतर बीडीएनएफ द्यायच्या आधीच पेशी वाचलेल्या. आणि कुपी 'प्रो-बीडीएनएफ'ची नाही ना, बघा. ते पी-७५ आणि सॉर्टिलिन या रिसेप्टरना धरून पेशी मारतं.

बांबूवन
मध्येच विचारते, माफ करा. गडचिरोलीकडे कुष्ठरोगाच्या कामात आहे. नस सुजून हात लुळा पडतो त्यांना हे ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन देता येईल का? एका पेशंटचे नातेवाईक विचारत होते.

सातपुडा
नाही, ताई. बीडीएनएफ कातडीखाली देऊन एएलएसमध्ये (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरण्याचा आजार) मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. एनजीएफ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर अंगात टोचला की वेदना वाढतात. २०१८ मध्ये अमेरिकेत एनजीएफचे डोळ्यांचे थेंब मंजूर झाले, ते बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) एका आजारासाठी. बाहेर कुणी इंजेक्शन विकत असेल तर पैसे देऊ नका म्हणा.

त्या पेशंटची नस किती दिवसांपासून गेली आहे? सहा महिन्यांच्या आतलं असेल तर प्रेडनिसोलोनने ताकद परत यायची आशा असते. उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. ते वजन आणि साखर बघून डोस ठरवतील, आणि तो काही आठवडे हळूहळू कमी करायचा असतो, मध्येच सोडायचा नाही. एमडीटी (कुष्ठरोगाची औषधं) चालू असेल तर ती बंद करू नका.

बांबूवन
दोन महिने झालेत. सकाळीच घेऊन जाते.

पळसफूल
आधी रेटिनोइक ॲसिड आणि तो एक ब्लॉट. कुपीवर बघितलं, प्रो-बीडीएनएफ नाही. थर्मामीटर आज आत ठेवला आहे. ब्लॉटचा फोटो पुढच्या आठवड्यात इथेच टाकते.